खाडीचे येणे

१९९३ च्या फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी भाईंदर पश्चिमेला एका अर्धवट इमारतीसमोर उभा होतो. बँकेच्या भाषेत याला जागेची पाहणी म्हणतात. घरकर्जाचे चार अर्ज एकाच इमारतीतले होते, म्हणून शाखाधिकाऱ्यांनी मला पाठवले होते. फाइलीत पाहणीचा छापील तक्ता होता. जमिनीची मालकी, बिगरशेती परवाना, मंजूर नकाशा, बांधकामाचा टप्पा, स्टेशनपासूनचे अंतर अशा एकेका रकान्यासमोर मी बरोबरची खूण करीत होतो. ऊन लख्ख होते, भरावाची माती वाळून टणक झाली होती आणि बिल्डरच्या माणसाने माझ्यासाठी थंड पेय आणून ठेवले होते.

इमारतीच्या मागे एक बांध होता आणि बांधापलीकडे मिठागर. बांधावरून मिठागराचा एक म्हातारा मुकादम चालत आला. माझ्या हातातली फाइल पाहून थांबला. म्हणाला, "साहेब, आता काय बघता? आषाढात या, पुनवेला. भरतीच्या टायमाला या." मी हसलो, बिल्डरचा माणूसही हसला. तक्त्यात 'पाणी' असा एक रकाना होता, पण तो पिण्याच्या पाण्याचा होता. त्यासमोर मी 'नगरपालिकेची नळजोडणी प्रस्तावित' असे लिहिले आणि खाली सही केली.

चारही कर्जे मंजूर झाली. पुढच्या काही वर्षांत अशा किती कागदांवर मी सह्या केल्या, त्याचा हिशेब माझ्याजवळ नाही. त्या काळात ते चांगले काम वाटत असे आणि एका अर्थी ते चांगलेच होते. गिरणी संपानंतर परळ-लालबागच्या चाळींतून बाहेर पडलेली, गिरगावातल्या दहा-बाय-बाराच्या खोलीत तिसरी पिढी वाढवणारी माणसे विरार लोकलने येत आणि स्वतःचा संडास असलेले घर पाहून हरखून जात. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती पाच लाखांवर गेली आणि २०११ मध्ये आठ लाख नऊ हजार झाली. एवढी माणसे कुठेतरी राहणारच होती. मुंबईने त्यांना जागा दिली नाही, ती भाईंदरने दिली. आमचे शहर चिखलात बांधले म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी नेहमी विचारतो की, तुम्ही कुठे राहत होता आणि आम्हाला तिथे बोलावले होते का?

तरीही मुकादमाचे म्हणणे मनातून गेले नाही. ते समजायला मला बारा वर्षे लागली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे आता शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. भाईंदरमध्ये आम्ही ते आकड्याने मोजले नाही. पाणी आमच्या जिन्याच्या किती पायऱ्यांवर आले, यावर मोजले. चार-पाच दिवसांनी शाखा उघडली तेव्हा एक बाई काउंटरसमोर आल्या. त्या इमारतीतल्या तळमजल्याच्या कर्जदार, प्राथमिक शाळेत शिक्षिका. हातात ओले पासबुक होते, पाने एकमेकांना चिकटलेली. त्यांनी काही मागितले नाही. एवढेच विचारले, "साहेब, हप्ता याच महिन्यात भरायचा का?" मी नियम पाहून सांगतो म्हणालो. नियमात हप्ता पुढे ढकलण्याची सोय होती, ती आम्ही दिली, व्याज मात्र चालू राहिले. मग मी तिजोरीच्या खोलीतून त्यांची फाइल काढली. पाहणीच्या तक्त्यावर माझी सही होती आणि तारीख फेब्रुवारीची होती.

मीरा-भाईंदरचा नकाशा पाहिला तर गोष्ट सरळ आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेकडून गोराई-मनोरीच्या खाडीचे फाटे आत शिरलेले आणि पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. पाऊस पडला की डोंगराचे पाणी उतरून पश्चिमेकडे धावते. त्याच वेळी उधाणाची भरती असली तर खाडीचे पाणी उलट आत चढते. दोघांची भेट मधल्या सखल पट्ट्यात होते. राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी ही जुनी गावे वसवणाऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांनी घरे उंचवट्यावर बांधली आणि सखल भागात खाजण, शेती आणि मिठागरे ठेवली.

मिठागर म्हणजे पडीक जमीन, अशी शहरातल्या माणसाची समजूत असते. माझीही होती. प्रत्यक्षात ते पाण्याचे मोठे बारकाईचे काम आहे. उधाणाला दार उघडून खाडीचे पाणी आत घ्यायचे, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवीत उन्हात आटवायचे, खारटपणा हव्या त्या पातळीला आला की शेवटच्या वाफ्यात सोडायचे आणि मीठ धरले की ओढायचे. पावसाळी हवा गेल्यावर हे सुरू होते आणि पहिल्या पावसाबरोबर संपते. त्यानंतरचे चार महिने मिठागराला काही काम नसते, असे आपल्याला वाटते. पण त्याचे खरे काम तेव्हाच असते. शेकडो एकरांचे ते उथळ वाफे पावसाचे पाणी धरून बसतात आणि ओहोटी लागली की सावकाश सोडतात. बँकेच्या माणसाला समजेल अशा शब्दांत सांगायचे तर ही शहराची राखीव ठेव होती. आम्ही ती मोडून घरे बांधली आणि ताळेबंदात ती ठेव कधी दाखवलेलीच नसल्यामुळे ती मोडल्याची नोंदही कुठे झाली नाही.

तिवरांचे तेच. मीरा-भाईंदरच्या खाडीकाठी तिवर, कांदळ, चिप्पी अशी झाडे आहेत. तिवराची मुळे चिखलातून वर डोके काढून श्वास घेतात. कांदळाच्या शेंगा झाडावरच रुजतात आणि मग खाली पडतात. लाटेचा जोर या झाडांच्या गर्दीत मोडतो, गाळ तिथेच बसतो, माशांची आणि कोळंबीची पिले त्यात वाढतात. आमच्याकडे एके काळी या झाडांची किंमत सरपण एवढीच होती. पुढे तीही राहिली नाही आणि रात्री डेब्रिजचे ट्रक रिकामे करण्याची जागा एवढीच त्यांची ओळख उरली. पुरानंतर दहा आठवड्यांनी, ६ ऑक्टोबर २००५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या खारफुटीची तोड आणि तिच्या भोवती ५० मीटरांतले बांधकाम रोखणारा आदेश दिला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. आज खाडीकाठी जे हिरवे दिसते, त्यातले बरेचसे या आदेशामुळे टिकले आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

पण किनारा वाचवण्याचे सरकारी नियोजन म्हणून जे काही आहे, त्याचा मुख्य कागद म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना. ती प्रथम १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. माझ्या त्या पाहणीच्या दोन वर्षे आधी. पाहणीच्या तक्त्यात तिचे नाव नव्हते आणि मीही ते विचारले नव्हते. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली, तिने खाडीकाठी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेवढे अंतर ठेवले. २०१९ मध्ये आणखी नवी आली आणि १०० चे ५० झाले. समुद्राची पातळी जगभर वाढते आहे, अरबी समुद्रातली वादळे वाढली आहेत, २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' अलिबागजवळ धडकले आणि २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' आपल्या किनाऱ्याजवळून गेले. पाणी आत येते आहे आणि रेषा बाहेर सरकते आहे.

मला याहून अधिक अस्वस्थ करणारी रेषा दुसरी आहे. २०११ च्या अधिसूचनेत धोकारेषेची कल्पना होती. भरती, लाटा, समुद्रपातळीची वाढ आणि किनाऱ्याची धूप हे सगळे धरून पाणी कुठवर येऊ शकते, ती रेषा भारतीय सर्वेक्षण विभागाने आखायची आणि नियमन करताना ती विचारात घ्यायची. खर्च करून, विमाने-उपग्रहांची चित्रे वापरून ती आखली गेली. मग २०१९ च्या अधिसूचनेने ठरवले की ही रेषा आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी वापरावी. बांधकामाची हद्द तिच्यावरून ठरणार नाही. म्हणजे पाणी कुठवर येईल ते सरकारला ठाऊक आहे. पाणी आल्यावर होड्या कुठे पाठवायच्या यासाठी ते वापरले जाईल, घर कुठे बांधू नये यासाठी नाही.

बँकेत असे केले असते तर माझी चौकशी झाली असती. कर्जदाराची पत संशयास्पद आहे, असा अहवाल फाइलीत लावायचा आणि शेरा मारायचा की, हा अहवाल वसुलीच्या वेळी पाहावा, मंजुरीच्या वेळी नाही! रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये हवामानबदलाच्या जोखमीवर एक चर्चापत्र काढले. त्यात बँकांनी तारणावर येणाऱ्या अशा धोक्यांचा विचार करावा, असा सूर आहे. तीस वर्षांनी का होईना, पण तक्त्यात पाण्याचा दुसरा रकाना यायची चिन्हे दिसत आहेत. घरकर्ज वीस-पंचवीस वर्षांचे असते. तेवढ्या मुदतीत खाडी काय करील, हा प्रश्न कर्ज देणाऱ्याने नाही विचारायचा तर कोणी?

२०२० मध्ये किनारा व्यवस्थापनाचे मसुदा नकाशे लोकांपुढे आले, तेव्हा मच्छीमार संघटनांची तक्रार अशी होती की, त्यांत कोळीवाडे, होड्या लावायच्या जागा, मासळी सुकवायची मैदाने नीट दाखवलेलीच नाहीत. उत्तनला ज्याने एकदा तरी बांबूंवर ओळीने सुकणारे बोंबील पाहिले आहेत, त्याला ही तक्रार लगेच कळेल. बोंबील सुकवायला किनाऱ्यालगतची मोकळी, वारा लागणारी जागाच लागते. नकाशावर ती 'मोकळी जागा' दिसते आणि मोकळ्या जागेला नकाशात फार दिवस मोकळे राहू देत नाहीत.

किनारा सावरण्यासाठी पैसा मात्र येतो आहे. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खारफुटी लागवडीसाठी 'मिष्टी' नावाची योजना आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी आशियाई विकास बँकेशी ४ कोटी २० लाख डॉलरच्या कर्जाचा करार झाला. त्यात समुद्रातल्या कृत्रिम खडकरांगा, दगडी संरक्षक कामे आणि पुळणींवर, वाळूच्या टेकड्यांवर पुन्हा वाळू भरणे अशी कामे आहेत. नुसता दगडी बंधारा घातला की लाट अडते, पण तिचा जोर जात नाही. ती बंधाऱ्याच्या पायथ्याची वाळू ओढते आणि बंधारा जिथे संपतो तिथला किनारा खाते. त्यामुळे वाळू आणि खडकरांगा यांचा विचार कर्जाच्या कागदात आला, ही चांगली गोष्ट आहे. पण ही सगळी उघड्या किनाऱ्याची औषधे झाली. पाली, चौक, उत्तनला ती लागू पडतील. आमचे शहर बुडते ते खाडीच्या बाजूने, नाल्यांतून, जिथे ना पुळण आहे ना लाट.

लागवडीबद्दलही एक शंका आहे. रोपे लावणे सोपे, कारण मोजता येतात. चिखलात जिथे पाण्याची ये-जा बंद झाली आहे तिथे हजार रोपे लावली तरी ती मरतात. भराव उपसून एखादा जुना फाटा मोकळा केला तर पाण्याबरोबर बिया येतात आणि तिवर आपणहून उगवते. पण आपणहून उगवलेल्या झाडाचे उद्घाटन करता येत नाही.

याच हिशेबातली ताजी नोंद वर्सोवा-भाईंदर किनारी रस्त्याची आहे. या रस्त्याने ४५ हजारांहून अधिक खारफुटीची झाडे बाधित होतील, असे मुंबई महापालिकेनेच सांगितले आणि डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने कामाला परवानगी दिली. मी आयुष्यभर भाईंदरहून लोकलने लोंबकळत गेलो आहे. हा रस्ता नको, असे म्हणायला माझी जीभ सहज रेटत नाही. बाधित झाडांतली बरीचशी काम झाल्यावर पुन्हा उभी करू आणि तिप्पट रोपे लावू, असे पालिका म्हणते. पण वळवलेल्या वनजमिनीच्या बदल्यातले वनीकरण चंद्रपूर जिल्ह्यात होणार, हे वाचल्यावर मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. चंद्रपूरला झाडे लागावीत, उन्हाळ्यात त्यांना त्याची फार गरज आहे. पण ठेव भाईंदर शाखेत मोडायची आणि पावती चंद्रपूर शाखेची करायची, हा व्यवहार माझ्या काउंटरवर आला असता तर मी वरिष्ठांना विचारल्याशिवाय शिक्का मारला नसता.

आपल्याकडे हे सगळे नीट करण्याची रीत नव्हतीच, असे मात्र नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जुन्या गॅझेटियरांत शिलोत्री जमिनींची माहिती आहे. खाडीकाठची खार जमीन बांध घालून जो लागवडीखाली आणी तो शिलोत्रीदार. त्या जमिनीची कुळे सरकारी साऱ्याखेरीज बिघ्याला मणभर भात त्याला देत आणि त्या बदल्यात बाहेरचा बांध दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी त्याची असे. या व्यवस्थेत पिळवणूक नव्हती, असे मी म्हणणार नाही. जमिनीच्या कुठल्या जुन्या व्यवस्थेत ती नव्हती? पण तिच्यात एक शहाणपण होते. बांधाच्या दुरुस्तीचा खर्च पिकातच धरलेला होता. बांध फुटल्यावर अर्ज, मग पाहणी, मग निविदा, असा क्रम नव्हता. पुढे १९४८ मध्ये खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ मध्ये नवा कायदा आला आणि बांध सरकारचा झाला. सरकारचा झाल्यावर तो कोणाचाच राहिला नाही. आज आमच्या नाल्यांवरच्या दारांची, पंपांची, गाळ काढण्याची हीच अवस्था आहे. नवे काम करायला पैसा मिळतो. केलेले काम टिकवायला दरवर्षी 'मणभर भात' कोण देणार, याचे उत्तर योजनेत नसते.

समुद्राशी झुंजण्यात ज्यांनी हयात घालवली त्या डच लोकांनी २००६ नंतर एक वेगळीच योजना राबवली. तिचे नावच 'नदीला जागा' असे होते. तीसहून अधिक ठिकाणी त्यांनी तटबंध मागे घेतले, पूरमैदाने खोल केली, पाण्याला पसरायला वाव दिला. ओव्हरडीप नावाच्या एका भागातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच प्रस्ताव ठेवला की, आमची शेते पुरासाठी सोडा, पण आमची घरे आणि गोठे उंच टेकाडे करून त्यांवर बांधून द्या. सरकारने ते ऐकले. काही कुटुंबांना मात्र जागा सोडून जावे लागले आणि त्याचे दुःख त्यांना आहे. मला त्यातली अभियांत्रिकी फारशी कळली नाही. ज्यांच्या दारात पाणी येणार होते त्यांनाच योजना सुचली आणि ती कागदावरून जमिनीवर आली, एवढे कळले. आपल्याकडे असे काही करायचे तर उरलेल्या मिठागरांपासून सुरुवात करावी लागेल. ती केंद्राच्या मीठ आयुक्तांच्या अखत्यारीत, नाले महापालिकेचे, खारफुटी वनखात्याची, किनारा सागरी मंडळाचा. पाणी या चौघांच्या हद्दीतून एकाच भरतीत फिरून येते. मुंबईत सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन घेण्यास मान्यता दिली. तिथेही माणसांना घरे हवीच आहेत. १९९३ मध्ये माझ्यासमोर जो प्रश्न होता, तोच मोठ्या अक्षरांत पुन्हा मांडला गेला आहे.

आता आमच्याच इमारतीचे सांगतो. तिला पस्तीस वर्षे झाली, खांबांचे गज दिसू लागले, म्हणून पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. मी बँकेतून निवृत्त झालेला, म्हणून समितीने कागद तपासायला माझ्याकडे दिले. सुबक छापलेली पुस्तिका आहे. क्षेत्रफळ, कॉर्पस, भाडे, व्यायामशाळा, गच्चीवरची बाग असे सगळे आहे. जोत्याची उंची मला शोधावी लागली, ती सतराव्या पानावर तळटिपेत होती. धोकारेषेचा उल्लेख कुठेच नव्हता. तळघरात मोटारींसाठी दोन मजले दाखवले आहेत.

गेल्या रविवारी सभा झाली. मी उठून विचारले की, तळघरात भरतीचे पाणी आले तर ते उपसून टाकणार कुठे? नाला तर त्या वेळी आधीच भरलेला असेल. बिल्डरचा तरुण इंजिनिअर हुशार होता, नम्रही होता. त्याने पंपांची क्षमता सांगितली. मी म्हटले, "क्षमता ठीक आहे, पण पाणी जाणार कुठे ते दाखवा." तो म्हणाला, "सर, तुम्ही म्हणाल तेव्हा साइट व्हिजिट ठेवू. उद्याच या हवे तर." मागच्या खुर्च्यांवर बसलेली तरुण मंडळी घड्याळे पाहू लागली. त्यांना नवी घरे हवी आहेत, लवकर हवी आहेत आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही हवीच असती.

त्या शिक्षिका बाईंनी २००५ नंतर तळमजला विकला आणि योगायोगाने आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतले. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. त्या हळूच उठल्या आणि इंजिनिअरला म्हणाल्या, "उद्या नको. आषाढी पौर्णिमेला या, भरतीच्या वेळी."

मुकादमाची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती. सचिवांनी इतिवृत्तात लिहून घेतले आणि विचारले, पौर्णिमा कोणत्या तारखेला येते? सभागृहाच्या भिंतीवर कालनिर्णय होते. दोघेजण उठून पाने उलटू लागले.